पर्यटनाचे आकडे आणि प्रदेशांचे संकेतांक

कोणत्या प्रदेशात किती प्रवासी किती रात्री मुक्कामास राहिले, याची मोजदाद युरोपीय संघात नियमाने होते. २०११ च्या ६९२ क्रमांकाच्या नियमानुसार सदस्य राष्ट्रे ही माहिती गोळा करतात आणि युरोस्टॅट हे संघाचे सांख्यिकी कार्यालय ती प्रसिद्ध करते. परंतु संगणकावर उतरवून घेतलेल्या तक्त्यांत व्हेनिस ज्यात मोडते तो व्हेनेतो प्रांत किंवा ग्रीसचे क्रीट बेट बहुधा नावाने भेटत नाही. तेथे ‘आयटीएच ३’, ‘ईएल ४३’ असे संकेतांक असतात. त्यांचा उलगडा करणाऱ्या लहानशा संगणक-प्रणाली आता अभ्यासकांच्या हाताशी आहेत. संकेतांक दिला की नाव मिळते, नाव दिले की संकेतांक. हे काम वरकरणी निव्वळ कारकुनी वाटते. वस्तुतः या प्रणालीच्या उत्तरावर पुढच्या साऱ्या निष्कर्षांची भिस्त असते.

या संकेतांकांची पद्धती ‘नट्स’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. १९७० च्या दशकात ती आकारास आली आणि २००३ मध्ये तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पहिली दोन अक्षरे देशाची; पुढचे प्रत्येक चिन्ह एकेक पायरी खाली नेते. ग्रीसची ‘ईएल’ ही अक्षरे त्या देशाच्या स्वभाषेतील ‘एलादा’ या नावावरून आली आहेत. दुसऱ्या पायरीवरील प्रदेशाची लोकसंख्या सामान्यतः ८ ते ३० लाख असावी, असा दंडक आहे. पर्यटनाचे प्रादेशिक आकडे मुख्यतः याच पायरीवर मिळतात. टपालाचा पिनकोड किंवा शाळेचा यू-डायस क्रमांक रोज लिहिणाऱ्यांस ही रचना अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

अडचण निराळीच आहे. हे संकेतांक स्थिर नाहीत. काही वर्षांनी यादी सुधारली जाते. इटलीचेच उदाहरण घ्यावे. २०१२ पासून लागू झालेल्या यादीत व्हेनेतोचा ‘आयटीडी ३’ हा संकेतांक जाऊन ‘आयटीएच ३’ आला. प्रांत मात्र होता तसाच राहिला. शेजारच्या एमिलिया-रोमान्याचा संकेतांकही त्याच रीतीने ‘आयटीडी ५’ चा ‘आयटीएच ५’ झाला. पण तेथे भूमीही बदलली होती. २००९ मध्ये मार्के प्रांतातील ७ नगरपालिकांचा प्रदेश रिमिनी जिल्ह्यात, म्हणजेच एमिलिया-रोमान्यात, सामील झाला. प्रसिद्ध किल्ला असलेले सान लेओ हे गाव त्यांपैकीच एक. तेथे मुक्काम करणारा प्रवासी पूर्वी मार्केच्या खात्यात पडत असे, नंतर तो शेजाऱ्याच्या खात्यात पडू लागला. दोन्ही ठिकाणी बदललेले अक्षर एकच. अर्थ मात्र वेगळे.

ज्या प्रणालीत केवळ चालू यादी भरलेली आहे, ती जुना संकेतांक दिसताच ‘सापडत नाही’ असे सांगते. मग घाईतला अभ्यासक त्या ओळी गाळतो किंवा अंदाजाने नवे नाव चिकटवतो. युरोस्टॅट जुन्या-नव्या याद्यांचा मेळ घालणारे तक्ते प्रसिद्ध करते. ते प्रणालीत अंतर्भूत करणे अशक्य नाही. तथापि मेळ घालण्यालाही मर्यादा आहे, आणि ती हंगेरीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

२०१८ पूर्वी राजधानी बुडापेस्ट आणि तिच्या भोवतालचा पेश्त परगणा मिळून ‘एचयू १०’ हा एकच प्रदेश होता. बुडापेस्टच्या मोठ्या हॉटेलांतील रात्री आणि पेश्तमधील सेंटएंद्रे किंवा विशेग्राद येथील रात्री एकाच बेरजेत जात. हा प्रश्न पर्यटनापुरता नव्हता. संघाच्या विकासनिधीच्या वाटपात दरडोई उत्पन्न सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असलेल्या प्रदेशांस झुकते माप मिळते, आणि राजधानीच्या श्रीमंतीमुळे परगण्याचे मागासलेपण सरासरीत झाकले जाई. पुढे ‘एचयू ११’ आणि ‘एचयू १२’ असे दोन प्रदेश झाले. आता या दोहोंची बेरीज करून जुन्या आकड्याशी तुलना करता येते. उलट जुन्या एकत्रित आकड्यातून पेश्तचा वाटा वेगळा काढणे कोणत्याही संकेतसूचीच्या आवाक्यातले नाही. आकडे जोडता येतात. एकदा एकत्र केलेले आकडे मूळ नोंदींवाचून तोडता येत नाहीत.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कागदपत्रांत मालवण रत्नागिरीत सापडते. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा घोषित झाला तो सिंधुदुर्ग. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर निघाला आणि थंड हवेचे जव्हार त्याबरोबर गेले. २०११ च्या जनगणनेतील ५१७ क्रमांकाचा ठाणे जिल्हा आणि आजचा ठाणे जिल्हा यांचे नाव एक असले, तरी प्रदेश एक नव्हे. याउलट वेरूळ-अजिंठ्याच्या औरंगाबाद जिल्ह्याचे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. तेथे नाव बदलले, भूमी बदलली नाही. केवळ नावावर विसंबणारा अभ्यासक पहिल्या ठिकाणी प्रवासी घटल्याचा भास करून घेईल आणि दुसऱ्या ठिकाणी एका जिल्ह्याचे दोन करील.

तेव्हा संकेतांक शोधणाऱ्या प्रणालीकडून काही किमान अपेक्षा ठेवणे रास्त ठरते. तिने नावाबरोबर वर्ष सांगावे. बदल नावाचा, सीमेचा की विभाजनाचा, हे स्पष्ट करावे. जेथे तुलना होऊ शकत नाही तेथे तसे बजावावे. सोयीचा आकडा पुढे करून गप्प बसू नये. रस्ते, पाणी, निवासव्यवस्था यांवरील खर्चाचे समर्थन अशाच तक्त्यांच्या आधारे केले जाते. तक्त्यातील एक ओळ चुकीच्या प्रदेशाच्या नावे पडली, तर गर्दीचा भार सोसणारे गाव एक आणि निधी मिळणारे दुसरेच, असा प्रकार घडू शकतो. महाविद्यालयांतून संगणकावर आकडेमोड शिकविताना बेरीज-सरासरीच्या आधी ही चौकशी शिकविली गेली, तर तो अभ्यासक्रमाचा अपव्यय खचितच ठरणार नाही.