हृदयाचा मूत्रपिंडांना निरोप

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरे विहिरीत डुंबत असतात. थोड्या वेळाने एकेक जण वर येतो आणि झुडपाआड जातो. पाणी तर कोणी फारसे प्यायलेले नसते. मग ही लघवी आली कुठून? गारठ्याने असे होते, असे आपण म्हणतो, आणि त्यात थोडे तथ्य आहेही. पण कोमट पाण्यात गळ्यापर्यंत नुसते बसून राहिले तरी हेच घडते. शिक्षकबंधूंनी हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. त्याच्या उत्तराची वाट थेट हृदयाशी जाते.

पाण्यात उभे राहिले की बाहेरच्या पाण्याचा दाब पायांवर आणि पोटावर पडतो. तिथल्या शिरांमधले रक्त वर, छातीकडे ढकलले जाते. आपल्या हृदयाला चार कप्पे आहेत. वरचे दोन रक्त घेतात, खालचे दोन ते पुढे लोटतात. वरच्या कप्प्यांच्या भिंती पातळ असतात, आणि जास्तीचे रक्त आले की त्या ताणल्या जातात. ताण बसताच त्या भिंतींतून एक रस थेट रक्तात उतरतो. शरीरात एका जागी तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या जागी काम करणाऱ्या अशा रसाला संप्रेरक म्हणतात. ह्याचे नाव एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड. नाव भारी जड आहे. डॉक्टरमंडळी नुसते एएनपी म्हणतात, आपणही तेच म्हणू. अर्थ मात्र सोपा आहे : हृदयाच्या वरच्या कप्प्यात होणारा, लघवीवाटे मीठ बाहेर काढणारा पदार्थ. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांचेच अठ्ठावीस मणी ओवून ही छोटी माळ झालेली आहे.

आता ही माळ मूत्रपिंडात जाऊन काय करते ते पाहा. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात घेतात आणि उरलेले दीडएक लिटर लघवी म्हणून बाहेर जाते. हे गाळणे बारीक केशवाहिन्यांच्या लाखो गुंडाळ्यांत चालते. एखाद्या वाफ्यात पाणी येण्याची वाट रुंद केली आणि जाण्याची वाट आवळली, तर वाफ्यातले पाणी चढते की नाही? एएनपी नेमके हेच करते. गुंडाळीत येणारी रक्तवाहिनी ते सैल करते, बाहेर जाणारी आवळते. आतला दाब वाढतो, गाळण जास्त होते. शिवाय पुढच्या नळ्यांत मीठ परत शोषले जाते, तिथेही ते आडकाठी घालते. आणि मीठ जिकडे, पाणी तिकडे!

शरीरात मीठ धरून ठेवणारी मंडळीही आहेत. मूत्रपिंडातून निघणारे रेनिन आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीचे अल्डोस्टेरॉन, ही त्यांतली मुख्य. एएनपी त्या दोघांनाही दाबते. इतर रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायूही ते शिथिल करते, त्यामुळे वाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. एवढे काम करणारा हा रस रक्तात टिकतो मात्र थोडी मिनिटेच.

हृदय म्हणजे नुसता पंप, असे फार काळ समजले जाई. १९५६ साली गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक कण दिसले होते. पण ते कशासाठी, हा उलगडा पंचवीस वर्षे झाला नाही. कॅनडातील किंग्स्टन गावी काम करणारे अडोल्फो दे बोल्ड यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. १९८१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. लघवीतले मीठ तीसपटीहून अधिक वाढले, लघवी दहापट झाली, रक्तदाब उतरला. खालच्या कप्प्यांच्या अर्काने मात्र तसे काहीच झाले नाही. ही तुलना केली म्हणून तर प्रयोग पक्का ठरला!

आता तुम्ही विचाराल, हृदयाजवळ असा उपाय असताना हृदयविकाराच्या रोग्याच्या पायांना सूज का येते? धरण काठोकाठ भरले आहे, पण कालव्यात पाणी सोडणारी यंत्रणा दुबळी आहे, असे समजा. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी म्हणणार, दुष्काळ पडला, पाणी साठवा! दुबळ्या हृदयाच्या माणसात मूत्रपिंडाची गत त्या शेतकऱ्यासारखी होते. त्याच्यापाशी रक्त जोराने पोचत नाही, म्हणून ते रेनिन सोडते आणि मीठ-पाणी धरून ठेवते. इकडे हृदय ताणले जाऊन एएनपीचे निरोपावर निरोप धाडत असते. पण ह्या गलक्यात ते ऐकू जात नाहीत. पाणी साठत जाते, पाय सुजतात, आडवे पडले की दम लागतो.

हे निरोप रक्तात मोजता येतात. एएनपीचा धाकटा भाऊ बीएनपी १९८८ साली प्रथम डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून त्याच्या नावात मेंदू येऊन बसला. प्रत्यक्षात तो मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत होतो. दम हृदयामुळे लागतो की फुप्फुसामुळे, हे ठरवायला त्याची तपासणी उपयोगी पडते. बीएनपी बाहेरून शिरेत सोडून पाहिले, पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या सात हजारांवर रोग्यांच्या चाचणीत मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. त्यापेक्षा शरीरातल्याच ह्या रसांना मोडणारे विकर रोखणारे औषध, दुसऱ्या औषधाच्या जोडीने, पुष्कळ रोग्यांना लाभले. ते २०१५ पासून वापरात आहे.

घरी एवढे करता येईल. नडगीच्या हाडावर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. खड्डा पडून तसाच राहिला तर ते साठलेले पाणी आहे. ते हृदयामुळे असेल, मूत्रपिंडामुळे, यकृतामुळे किंवा आणखी कशाने. लेप लावून ते कळायचे नाही. निरोगी माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा मीठ पुरे, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण हे सगळे धरायचे. लघवीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या; सांधेदुखीच्या काही गोळ्यांनीही मूत्रपिंड मीठ धरून ठेवते, आणि पाकीट पाहिल्याशिवाय ते डॉक्टरांना कसे कळणार?