लाथेला तीन वर्षं, शब्दालाही तीन वर्षं

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरच्या आसपास यात्रांचा मोसम लागला की कुस्त्यांचा हगामा ठरलेला. हलगी कडाडते, फेटेवाले पंच मातीत उतरतात, नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या जोडीपर्यंत दिवस सरतो. २०२५ साली मात्र यात्रांच्या आधीच पारापारावर कुस्तीची चर्चा रंगली, आणि ती एका लाथेवरून.

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरचं वाडिया पार्क, महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला खाली घेतलं आणि पंचांनी चितपट जाहीर केली. शिवराज हा २०२३ च्या जानेवारीत पुण्यात गदा जिंकलेला मल्ल. पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, पुन्हा चित्रीकरण बघा, असं त्याचं म्हणणं. कोणी ऐकेना, तसा त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ घातली. त्याच संध्याकाळी अंतिम लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड एका गुणावरून बिथरला आणि अखेरचे काही सेकंद उरले असताना मैदान सोडून गेला. गदा मोहोळकडे गेली. पंचांना शिवीगाळ केल्याचा ठपका महेंद्रवर आला.

कुस्तीगीर संघाने दोघांनाही तीन-तीन वर्षांसाठी निलंबित केलं.

बोंब झाली, चौकशी समिती बसली. समितीने चितपटीचा पंचांचा निर्णय चुकीचा ठरवला आणि त्यांनाही निलंबनाची शिक्षा झाली. किती वर्षांची? तीन. लाथ मारणारा, तोंड सोडणारा आणि निर्णयात चुकणारा, तिघं एकाच तागडीत. वरवर पाहता याला समान न्याय म्हणता येईल. मला मात्र यात शिक्षेचं कोष्टकच नसल्याची खूण दिसते. आकडा आधी सुचला आणि गुन्हे नंतर त्यात बसवले, असा हा प्रकार.

याच खेळातला दुसरा दाखला त्याच्या जेमतेम तीन वर्षं आधीचा. मे २०२२ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये राष्ट्रकुल स्पर्धेची निवड चाचणी चालू होती. १२५ किलो गटात सतेंदर मलिक ३-० ने पुढे होता. शेवटच्या काही सेकंदांत प्रतिस्पर्धी मोहितने त्याला खाली घेऊन रिंगणाबाहेर ढकललं. पंचांनी एकच गुण दिला. मोहितने दाद मागितली, चित्रीकरण पाहून ज्येष्ठ पंच जगबीर सिंग यांनी तीन गुण दिले आणि ३-३ अशा बरोबरीत शेवटचा गुण घेणारा मोहित जिंकला. सतेंदर थेट जगबीर सिंग यांच्या अंगावर गेला आणि त्यांना मारहाण केली. भारतीय कुस्ती महासंघाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. दिल्लीत पंचावर हात टाकला तर जन्मभर बाहेर, अहिल्यानगरात लाथ घातली तर तीन वर्षं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोचा क्युबन खेळाडू आंखेल मातोस याने पंचाच्या तोंडावर लाथ मारली, तेव्हा त्याच्यासह त्याच्या प्रशिक्षकालाही आजन्म बंदी झाली होती. आपल्याकडे वस्तादाला कोणी जाब विचारल्याचं फारसं कानावर येत नाही.

आता त्या चितपटीकडे जरा जवळून पाहू, कारण सगळ्या भांडणाचं मूळ तिथे आहे. गादीवरच्या कुस्तीला तीन अधिकारी असतात: मैदानात पंच, बाजूला बसलेला दुसरा पंच आणि मॅट चेअरमन. गुण चुकला असं वाटलं तर मल्लाच्या बाजूने प्रशिक्षक एक मऊ स्पंजाचा ठोकळा गादीवर फेकतो. लढत थांबते, चित्रीकरण पाहिलं जातं. दाद फेटाळली गेली तर समोरच्याला एक गुण फुकट. पण आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चितपटीवर अशी दाद मागता येत नाही. कारण चितपट एकट्या पंचाची नसतेच. दोघांपैकी एका पंचाबरोबर मॅट चेअरमनने होकार दिल्यावरच ती जाहीर होते. म्हणजे जिथे कुस्ती कायमची संपते, नेमकी तिथेच मल्लाला बोलायची सोय नाही, आणि सगळा भार त्या होकारावर. मग निर्णय चुकला म्हणून शिक्षा एकट्या पंचालाच कशी?

महेंद्रची गंमत आणखी वेगळी. २०२३ मध्ये पुण्याच्या कोथरूडला सिकंदर शेखविरुद्धच्या लढतीत बाहेरील टांग या डावाचे चार गुण त्याला मिळाले. त्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठलं, पंचांना फोनवरून धमकावल्याची तक्रार पोलिसांत गेली. तेव्हा पंचांच्या निर्णयाचा लाभ झालेला मल्ल दोन वर्षांनी पंचांच्याच निर्णयावर रुसून निघून गेला.

दूरच्या देशांत सगळं शिस्तीत चालतं, असा आपला समज असतो. उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी पाहिली तर तो गळून पडेल. मारामारी हा तिथे खेळाचा जुना भाग. खेळाडूंच्या सुरक्षेसाठी लीगचा स्वतंत्र विभाग आहे; खेळाडूवर बंदी घातली की ती का घातली हे चित्रफितीतून समजावलंही जातं. तरीही मेळ बसत नाही, आणि हा विभाग येण्याआधीही बसत नव्हता. मार्च २००४ मध्ये व्हँकुव्हरच्या टॉड बर्तूझीने स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारून बर्फावर पाडलं. मूरच्या मानेचे मणके मोडले, तो पुन्हा कधी खेळला नाही. बर्तूझीची बंदी महिन्यांत मोजली तर सतरा, सामन्यांत मोजली तर वीस. कारण मधला अख्खा मोसम मालक-खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला होता. मे २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने न्यूयॉर्क रेंजर्सच्या खाली पडलेल्या खेळाडूला ठोसा मारला आणि लगेच आर्टेमी पनारिनला बर्फावर आपटलं. दंड झाला ५ हजार डॉलर. हा काय न्याय झाला, असं रेंजर्सने जाहीर पत्रक काढून विचारलं, तर त्यांना दंड झाला अडीच लाख डॉलरचा! दोनच दिवसांनी तेच संघ पुन्हा समोरासमोर आले आणि चकती पडता क्षणीच खेळाडूंनी हातमोजे टाकून एकमेकांना धरलं. शिक्षेवरचा विश्वास उडाला की हिशेब मैदानातच चुकता होतो.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे, तो म्हणजे दोन चुली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले: पुणे जिल्ह्यात फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये अहिल्यानगरची स्पर्धा होऊन दोन महिने होत नाहीत तोच त्याच जिल्ह्यात कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि वेताळ शेळके जिंकला. गदा दोन, संघटना दोन, मग निलंबन नक्की कुणाच्या दारात लागू? गावच्या यात्रा कमिटीला तर यातलं काहीच बांधील नाही. ती जोड ठरवते, इनाम बोलते, आणि नाव मोठं असेल तर गर्दीही मोठी जमते. पैलवानाचा खुराक बऱ्याचदा याच इनामांवर चालतो, त्यामुळे कागदावरच्या तीन वर्षांची झळ त्याला किती बसते, हा प्रश्नच आहे.

मांजरसुंब्याहून रस्ता जातो त्या पाटोदा तालुक्याने राहुल आवारे दिला: २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. आपल्या भागातली पोरं आजही त्याच्याकडे पाहून लांग कसतात. त्यांना डाव शिकवले जातात. पंच चुकला तर काय करायचं आणि आपण चुकलो तर काय होईल, हे कोणी सांगत नाही.

तेव्हा जिल्ह्यातल्या यात्रा कमिट्यांना एक विनंती. यंदाच्या हगाम्याच्या पत्रकावर इनामांच्या रकमांखाली चार ओळी शिक्षेच्याही छापा: पंचाला शिवी दिली तर काय, हात उचलला तर काय, पंचाचा निर्णय चुकला तर दाद कुणाकडे मागायची. आणि त्या ओळी गावच्या आवडत्या पैलवानालाही लावा.