हायब्रिड फोर-बाय-फोर: स्टिकरवरचं अ‍ॅव्हरेज आणि टाकीतलं अ‍ॅव्हरेज

ज्यांनी हा एपिसोड ऐकलाय त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पण गणितं नुसती कानाने ऐकली की निसटतात, म्हणून इथे सावकाश लिहितोय.

आजचा प्रश्न: दगड-चिखलातून जाणारी मोठी हायब्रिड गाडी खऱ्या रस्त्यावर किती अ‍ॅव्हरेज देते?

मी डेन्व्हरमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. इथे शनिवार उजाडला की अर्धं ऑफिस डोंगरात. माझा एक मित्र, मूळचा नागपूरचा, टोयोटाची नवी लँड क्रूझर घ्यायच्या बेतात आहे. त्याचा हिशेब असा: "घरी बाबांची ग्रँड व्हिटारा हायब्रिड आहे, तिचा कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. ही मोठी गाडी आहे, मान्य. पण निम्मं तरी देईल ना? चौदा?" या चौदाच्या भरवशावर भाऊ पाच वर्षांचा हप्ता बांधून घेणार होता. म्हणून म्हटलं, यावर नीट बोलूया.

आधी स्टिकर वाचू

अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर ईपीएचा स्टिकर असतो. २०२४ च्या लँड क्रूझरवर आकडे आहेत सिटी २२, हायवे २५, कंबाइन्ड २३ एमपीजी. एमपीजीला ०.४२५ ने गुणलं की लिटरला किलोमीटर मिळतात. म्हणजे सिटीत ९.४, हायवेला १०.६ आणि एकूण ९.८. चौदा कुठेच नाही.

दोन देशांचे आकडे शेजारी ठेवताना आणखी एक गोष्ट. भारतातल्या चाचणीत गाडीचा वेग ९० किमीच्या वर जात नाही. ईपीएच्या पद्धतीत २००८ च्या मॉडेलपासून जास्त वेग, एसी आणि थंडी हे सगळं धरलं जातं. त्यामुळे ईपीएचा आकडा मुळातच जमिनीच्या जवळ असतो आणि भारतातला जरा हवेत. दोघांना एकाच तराजूत टाकू नका.

हायब्रिड म्हणजे नेमकं कुठलं?

ग्रँड व्हिटारात छोटं १.५ लिटरचं इंजिन, हलकी बॉडी आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन वारंवार बंद ठेवणारी यंत्रणा आहे. तिथे हायब्रिडचं काम एकच, पेट्रोल वाचवणं.

लँड क्रूझरचं वजन जवळपास अडीच टन. २.४ लिटरचं टर्बो इंजिन, त्याच्या आणि आठ गिअरच्या ऑटोमॅटिकच्या मधे बसवलेली ४८ हॉर्सपॉवरची मोटर, आणि १.८७ किलोवॉट-तासाची बॅटरी.

ही मोटर कशासाठी आहे ते टोयोटाच्याच फोर-रनरवरून कळतं, कारण ती गाडी दोन्ही प्रकारांत मिळते. साध्या इंजिनची ताकद २७८ हॉर्सपॉवर, टॉर्क ३१७ पाउंड-फूट. हायब्रिडची ३२६ आणि ४६५. टॉर्क जवळजवळ दीडपट झाला! आणि कंबाइन्ड अ‍ॅव्हरेजमधला फरक? एखाद-दोन एमपीजी. म्हणजे इथे हायब्रिडचा बराचसा फायदा ओढायच्या ताकदीत गेला, पेट्रोल वाचवण्यात थोडाच.

मग "जुन्यापेक्षा नवी खूप देते" हे खोटं का? नाही, खरंच आहे. अमेरिकेतल्या जुन्या ५.७ लिटर व्ही-एट लँड क्रूझरचा कंबाइन्ड आकडा १४ होता. वर्षाला १२,००० मैल धरले तर १४ ला ८५७ गॅलन लागतात, २३ ला ५२२. पण ही बचत मुख्यतः लहान इंजिन, जास्त गिअर आणि लहान-हलकी गाडी यांची आहे. सगळं श्रेय बॅटरीला देऊ नका.

बॅटरीत मावतं किती?

एक गॅलन पेट्रोलमध्ये ३३.७ किलोवॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे लिटरला साधारण ८.९. त्या हिशेबाने १.८७ ची बॅटरी पूर्ण भरली तरी त्यात पेट्रोलचा एक ग्लास. मोटर ही ऊर्जा इंजिनापेक्षा खूप कमी वाया घालवते हे खरं, पण ग्लास तो ग्लासच.

शहरात हा ग्लास कामाचा असतो. ताशी ५० किमीवरून गाडी थांबवली की बॅटरीकडे परत येऊ शकणारी ऊर्जा जेमतेम ०.०७ किलोवॉट-तास. दर सिग्नलला ग्लासात थोडं पडतं, थोडं निघतं. मस्त चालतं.

आता घाट घ्या. इथे आय-७० हायवेवर आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि डेन्व्हर १,६०० वर. अडीच टनाची गाडी १,८०० मीटर खाली आली की सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा सुटते. काही वारा आणि टायर खातात, पण जे उरतं तेही या बॅटरीत मावत नाही. ग्लास भरला की बाकीचं ब्रेक आणि इंजिन-ब्रेकिंगमध्ये उष्णता होऊन जातं. चढताना जाळलेलं पेट्रोल उतरताना "परत मिळेल" ही आशा इथेच संपते.

सपाट हायवेवर तर ब्रेकच लागत नाही, मग परत काय मिळणार? तिथे शत्रू म्हणजे वारा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५५ मैलांऐवजी ७५ ने गेलात तर विरोध १.८६ पट. त्यात गाडी कपाटासारखी चौकोनी, वर टपावर कॅरिअर आणि तंबू. स्टिकरवरचा २५ इथे विसरा.

प्लग लावायची गाडी वेगळी

"मग जीप रँग्लर फोर-एक्स-ई घेऊ? तिच्यावर ४९ लिहिलंय!" हा मित्राचा पुढचा प्रश्न. ते ४९ एमपीजी नाही, एमपीजी-ई आहे. म्हणजे ३३.७ किलोवॉट-तास वीज बरोबर एक गॅलन असं धरून काढलेला आकडा. तिची बॅटरी सुमारे १७ किलोवॉट-तासाची, त्यावर साधारण २१ मैल. बॅटरी संपली की त्याच स्टिकरवरचा दुसरा आकडा लागू होतो, २० एमपीजी. लँड क्रूझरपेक्षाही कमी.

घरी रोज चार्जिंग आणि ऑफिस दहा मैलांवर असेल तर आठवडाभर पंपावर जायची गरज नाही. पण फ्लॅटमध्ये राहता, चार्जर नाही? मग ती जड बॅटरी नुसती हमाली करून वाहायची.

पैशाचं गणित

समजा हायब्रिडसाठी ३,००० डॉलर जास्त मोजले, अ‍ॅव्हरेज २१ वरून २३ झालं आणि पेट्रोल गॅलनला ३.५ डॉलर. वर्षाला १२,००० मैलांवर वाचतात जवळपास ५० गॅलन, म्हणजे १७४ डॉलर. पैसे वसूल व्हायला १७ वर्षं! टॉर्कसाठी घ्या, ट्रेलर ओढायचाय म्हणून घ्या, आवडली म्हणून घ्या. "पेट्रोल वाचेल" म्हणून हप्ता वाढवू नका.

ट्रेलवर किलोमीटर मोजूच नका

लो-रेंजमध्ये दगडांवरून ताशी पाच किमीने रांगताना अंतर कापलं जात नाही, पेट्रोल मात्र जळतं. तिथे विचार "तासाला किती लिटर" असा करायचा. टाकी १७.९ गॅलनची. २३ ने गुणलं तर कागदावर ४१२ मैल. पण युटामध्ये आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना हे सुमारे ११० मैल मध्ये एकही पंप नाही. अर्धा दिवस ट्रेलवर घालवून, स्क्रीनवरच्या रेंजवर विसंबून त्या पट्ट्यात शिरणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. माझा नियम साधा आहे: डांबरी रस्ता सोडायच्या आधी टाकी फुल, आणि अर्धी झाली की परतीची वाट.

स्वतः कसं मोजायचं?

१. ऑटो-कटपर्यंत टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा. गेलेलं अंतर भागिले भरलेलं पेट्रोल.

२. एका टाकीवर विश्वास नको. निदान तीन टाक्या घ्या. शहर, हायवे आणि डोंगर वेगळे लिहा.

३. टायर बदललेत का? ३३ इंचांऐवजी ३५ लावले की चाक एका फेरीत सहा टक्के जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते माहीत नसतं. अंतराला १.०६ ने गुणा, नाहीतर गाडी उगाच बदनाम होईल. मोठे टायर पेट्रोल जास्त खातात, तो भाग वेगळा.

भारतात किंवा इथे, कुठेही हायब्रिड घेणार असाल तर शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: याच गाडीचं बिनहायब्रिड मॉडेल किती देतं? या दोन आकड्यांतला फरक आणि तुमचं वर्षाचं रनिंग, एवढं मिळालं की बाकीचं गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं.

तुमच्या तीन टाक्यांचे आकडे मला नक्की पाठवा, कुठल्या रस्त्यावरचे तेही लिहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!