गौरींचे ३६२ दिवस

गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मुळावर परत जातात. या तीन दिवसांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. उरलेले ३६२ दिवस त्या राहतात कोठे, हे सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांना माळे होते, फडताळे होती. सुरतेच्या पांडेसऱ्यात मिल आणि लूमच्या आधाराने राहिलेल्या खानदेशी कुटुंबांचा संसार बहुधा एका खोलीचा. तेथे दोन उभ्या गौरी, त्यांची धडे, हात आणि लोखंडी स्टँड सांभाळणे म्हणजे कसोटीच.

अमळनेरकडच्या एका बाईंनी मला त्यांची आवराआवर दाखविली. सासूबाईंचे प्लॅस्टरचे मुखवटे त्यांनी गावाहून मांडीवर घेऊन आणलेले. भंगलेला मुखवटा पूजेत चालत नाही. नवा बाजारात मिळेल, पण सासूबाईंनी पूजलेला कोठून मिळणार? दागिने निघाले की त्या आधी मुखवटा उतरवितात. साडी ओढताना स्टँड कलंडला, तर पहिला मार नाकावर. मग हात. कापडी हातांच्या बोटांत तार असते. हवी तशी वळते, पण त्याच जागी वरचेवर वळविली की तुटते. म्हणून बोटे वळली आहेत तशीच ठेवायची. घरात पूर्ण अंगाची जड फायबरची गौर असेल, तर ती हाताला धरून कधीच उचलू नये. एकाने कमरेला, दुसऱ्याने बैठकीला धरावे.

पांडेसऱ्यात चिंध्यांना तोटा नाही. मात्र मिलची रंगीत चिंधी मुखवट्याला गुंडाळू नये, दमट हवेत तिचा रंग गालाला लागतो. वर्तमानपत्राच्या शाईचेही तेच (हे आम्हीच लिहावे!). धुतलेले पांढरे सुती लुगडे उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि प्लॅस्टर ती शोषून घेते. त्यामुळे सर्व वस्तू एक दिवस सावलीत वाळवूनच पेटीत जातात. मुखवटे उताणे, खाली जाड घडी, दोहोंमध्ये कापड. डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंडाची पुरचुंडी. स्टँडला तेलाचा हात, आणि तो पेटीबाहेर.

त्या पेटीवर जड काही ठेवायचे नाही. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, तरी शिलाईचे मशीन तिच्यावर ठेवण्याचा धाकट्या दिराचा आग्रह बाईंनी अजून मानलेला नाही.