हेपॅटायटिस ई आणि मज्जातंतू

भारतात दूषित पाण्यातून, तर युरोपात मुख्यतः कच्च्या राहिलेल्या डुकराच्या मांसातून पसरणारा हेपॅटायटिस ई यकृताचा आजार म्हणून ओळखला जातो. क्वचित मात्र तो मज्जातंतूंनाही बाधतो आणि त्यातून पुढील विकार होऊ शकतात. ‘न्यूराल्जिक अमायोट्रॉफी’त खांद्यात अचानक झोप उडवणारी कळ येते, ती ओसरते तोच हात वर उचलेनासा होतो. हेपॅटायटिस ईमुळे बहुधा दोन्ही खांदे धरतात, हे विशेष. गियाँ-बारे सिंड्रोममध्ये पायांपासून सुरू झालेला लुळेपणा वर चढत जातो. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो. दोन्हींत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, असे मानले जाते. घोळ असा, की अशा अनेक रुग्णांना कावीळ नसतेच, त्यामुळे निदान हुकते. कावीळ असो वा नसो, हातापायांतली ताकद अचानक गेल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.