लाल सलाइन, द्राक्षाची साल आणि पेशींतलं ग्लुटाथिओन

पिंपळे गुरवमध्ये कुणाची केमो सुरू झाली की शेजारपाजारची माया बाटल्यांतून घरी येते. गव्हांकुराचा रस, आवळ्याचा रस आणि ‘अँटिऑक्सिडंट’ असं ठळक छापलेल्या कॅप्सूल. माया खरी असते, पण केमो आणि अँटिऑक्सिडंट यांचं नातं भलतंच गुंतागुंतीचं आहे.

घरचाच साठा

आपल्या पेशींतलं सगळ्यात महत्त्वाचं अँटिऑक्सिडंट शरीर स्वतःच बनवतं. ते म्हणजे ग्लुटाथिओन. तीन अमिनो आम्लांची ही इवलीशी साखळी यकृतात सर्वाधिक असते. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध पेशीत शिरलं की ग्लुटाथिओन त्याला चिकटतं आणि निकामी करतं. निरोगी पेशीत हे घडलं तर उत्तम. पंचाईत अशी, की गाठीतल्या काही पेशीही हाच साठा वाढवतात आणि औषधाला दाद देत नाहीत.

पिंपरीचा चुलतभाऊ

डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध लालभडक असतं. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते; घाबरू नका. ते आलं मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून. याच कुळातल्या एका जिवाणूतून आपल्या एचए कंपनीला, म्हणजे 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सला, हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळालं. त्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी थेट जीवशास्त्रात!

हे लाल औषध हृदयाला इजा करू शकतं. हृदयाच्या पेशींत कॅटालेज हे संरक्षक एन्झाइम यकृताच्या मानाने फारच कमी असतं, हे त्याचं एक कारण. म्हणूनच सुरुवातीला 2डी इको करतात आणि आयुष्यभरातल्या एकूण डोसचा हिशेब ठेवतात.

लघवीतच जागं होणारं औषध

सायक्लोफॉस्फमाइड या केमोच्या औषधापासून तयार होणारं अक्रोलीन मूत्राशयाला पोळतं. त्यावर देतात मेस्ना. रक्तात ते निष्क्रिय रूपात फिरतं, मूत्रपिंडात पुन्हा जागं होतं आणि लघवीतच अक्रोलीनला पकडतं. इतकं नेमकं औषध क्वचितच सापडेल.

खारघरची उलटी चाल

सगळ्यात भन्नाट कथा टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रातली, अ‍ॅक्ट्रेकमधली. डॉ. इंद्रनील मित्रा यांचं म्हणणं असं, की केमोचा बराचसा त्रास मेलेल्या पेशींमुळे होतो. त्या फुटल्या की क्रोमॅटिनचे तुकडे बाहेर पडतात आणि निरोगी पेशींत घुसून दाह माजवतात. मग त्यांच्या गटाने द्राक्षाच्या सालीत असणारं रेस्व्हेरॅट्रॉल घेतलं. ते प्रसिद्ध अँटिऑक्सिडंट. त्यात दहा हजार पटींनी कमी, इतकं किंचित तांबं मिसळलं, आणि त्याचा स्वभावच पालटला! आता ते ऑक्सिजनचे मुक्त कण तयार करतं आणि ते कण क्रोमॅटिनचे तुकडे नष्ट करतात.

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना मेलफॅलन या केमोच्या औषधाचा मोठा डोस देताना हे मिश्रण दिलं, तेव्हा तोंड येण्याची तीव्रता कमी दिसली. जठराच्या कर्करोगातल्या चाचणीत रक्तपेशी घटण्यावर फरक पडला नाही, पण जुलाब आणि उलट्यांसारखे त्रास कमी झाले. 2024 मध्ये ‘शंभर रुपयांची गोळी’ म्हणून बातम्या झळकल्या. चाचण्या मात्र लहान आहेत, आणि तांब्याच्या तांब्यातलं पाणी व नाशिकची द्राक्षं म्हणजे ते औषध नव्हे. तरीही अँटिऑक्सिडंटची चाल उलटी फिरवण्याची ही कल्पना मला विलक्षण धाडसी वाटते.

बाटली डॉक्टरांना दाखवा

अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या 1134 रुग्णांच्या नोंदींत, केमोच्या आधी आणि केमो चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण जास्त असण्याकडे कल दिसला. हा पक्का पुरावा नाही, पण गोळी लपवू नये एवढं सांगायला पुरेसा आहे. जेवणातला आवळा वेगळा आणि मोठ्या डोसची कॅप्सूल वेगळी.

सहा तासांचा खेळ

वेळ नेमकी साधली, तर मात्र अँटिऑक्सिडंट कामीही येतं. सिसप्लॅटिनने लहान मुलांची ऐकण्याची शक्ती जाऊ शकते. त्यावर सोडियम थायोसल्फेट देतात, पण सिसप्लॅटिननंतर सहा तास थांबून, म्हणजे तोवर औषधाला गाठीवर काम करायला वेळ मिळतो. यकृताच्या गाठी असलेल्या मुलांवरच्या चाचणीत ऐकू कमी येण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आलं, आणि मुलं जगण्याचं प्रमाण घटलं नाही.