माहिती चौकट: नाताळची जुनी काच, कागदी तारे, घरचा गोठा

नाताळच्या झाडावरचे काचेचे गोळे: उगम जर्मनीतल्या लाउशा गावी, 19व्या शतकाच्या मध्याला. काचेची नळी ज्योतीवर तापवून तोंडाने फुंकत आणि आतून चांदीचा मुलामा देत. 1939मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने विजेच्या बल्बच्या यंत्रावर गोळे काढायला सुरुवात केली.

युद्धकाळातले गोळे: सर्वांत सहज ओळखू येणारे. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली. त्यामुळे मुलामा नाही, पारदर्शक काचेवर रंगाचे बारीक पट्टे, आणि वरची टोपी पत्र्याऐवजी पुठ्ठ्याची. मूळ पुठ्ठा शाबूत असेल तर तो बदलू नये.

हेर्नहूट तारा: 19व्या शतकात जर्मनीतल्या मोरावियन पंथाच्या शाळेत भूमितीच्या धड्यासाठी तयार झालेला कागदी तारा. नेहमीच्या ताऱ्याला 25 टोके: 17 चौकोनी बुडाची, 8 त्रिकोणी. सव्विसावी बाजू दिवा आत सोडायला.

गोवा, वसई: तारा बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ यांचा, बांधणी आकाशकंदिलाची. येशूजन्माचा गोठाही घरीच रचतात. गोव्यात काही घरांत नाताळच्या आधीच धान्य पेरतात आणि त्याचे हिरवे कोंब गोठ्याभोवती मांडतात.

पहिला गोठा: संत फ्रान्सिस, ग्रेच्चो (इटली), 1223. मूर्ती नव्हे, खरे बैल आणि गाढव.

जपा:
- जुन्या चमकी पट्ट्या शिशाच्या असू शकतात. मुलांच्या हाती देऊ नयेत.
- गोळ्यांना पाणी लावू नये, रंग सुटतो. कोरडा मऊ ब्रश पुरतो.
- जुन्या दिव्यांच्या माळेची वायर तडकली असेल तर ती प्लगला लावू नये.